काच हातात असताना

प्रिय दादा,

फोनवर तू आवाज चढवलास की मला काही सुचत नाही, तुला माहीतच आहे. शाळेत बाईंनी उभं केलं की असंच व्हायचं, आणि शाळा सुटली तरी ते काही गेलं नाही. म्हणून लिहितेय. दुकानाची गाडी तुझ्या बाजूला काच पोचवायला निघालीय, ड्रायव्हरकाकांच्या हातात देते. पूर्ण वाच, मग काय चिडायचं ते चीड.

तो व्हिडिओ तू बघितलास. सगळ्यांनीच बघितलाय. कुणीतरी त्याला गाणंही लावलंय. फर्निचरवाला बाबांच्या दोन थोबाडीत ठेवून देतो आणि बाबा नुसते उभे. तू म्हणालास, असला बाप असण्यापेक्षा... पुढचं मी आईला सांगितलेलं नाही. काल समोरच्या चावीवाल्या काकांनी भर रस्त्यात विचारलं, “काय गं, तुझ्या बापाचे हात काचेचे आहेत का?” सगळे खो-खो हसले. मी तशीच दुकानात शिरले.

दादा, चूक बाबांचीच होती. आपल्या टेपचं टोक तुटलंय ना, म्हणून आपण शून्यावरून न धरता दहावरून मापतो आणि काचेवर खूण करताना दहा वाढवतो. त्या दिवशी घाईत दहा वाढवायचे राहिले. फर्निचरवाल्याच्या टेबलाची काच दहा सेंटिमीटर आखूड निघाली. त्याचं गिऱ्हाईक त्याच्या डोक्यावर बसलेलं. तो तणतणत आला तेव्हा बाबा गाडीतून मोठी दुधी काच उतरवत होते. एका टोकाला बाबा. व्हिडिओत दुसऱ्या टोकाला कोण आहे ते दिसत नाही. नीट बघ, काचेखाली निळे बूट दिसतील. ते माझे आहेत.

दुधी काचेतून मला नुसत्या सावल्या दिसत होत्या. एक हात वर गेला आणि थप्पड बाबांना बसली, पण ती काचेतून माझ्या तळहातापर्यंत आली. अख्खी काच थरथरली. बाबांनी हात उचलला असता तर ती सरळ माझ्यावर आली असती. ते हळूच म्हणाले, “सोडू नकोस गं बाळा.” मग दुसरी बसली. आम्ही तसेच पाऊल पाऊल चालत आत गेलो आणि काच ठेवायच्या लाकडी घोडीला ती टेकवून उभी केली. व्हिडिओ तिथेच संपतो, कारण आता साक्षीला बोलावतील म्हणून शूट करणारा पळाला.

पुढचं कुणी दाखवत नाही. बाबांनी हातमोजे काढले. आता दोन्ही हात मोकळे होते. बाहेरचे सगळे आत डोकावले, आमच्या मागून आत आलेला फर्निचरवाला दोन पावलं मागे सरला. खरं सांगू? मला वाटत होतं बाबांनी त्याला लोळवावं. माझा हात पक्कडीवर गेला होता. बाबा त्याच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, “माप माझं चुकलं. दुसरी आत्ता कापून देतो. पण काचेच्या पलीकडे माझी पोर होती.” त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. बाबा पुढे म्हणाले, “यापुढे माझ्या दुकानात हात उचलायचा नाही. माझ्यावर नाही, कुणावरच नाही.” आवाज चढवला नाही, पण मी घाबरले, इतका तो वेगळा होता.

मग कापायला बसले तर हात लटपटत होते. थरथरत्या हातानं काच सरळ तुटत नाही. एक हात दुसऱ्या हातात धरून बसून राहिले, थांबेपर्यंत. काच दिली. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून कितीतरी वेळ आत होते. आई दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी. म्हणजे बाबांना काही वाटलं नाही असं समजू नकोस. आई म्हणते, तू बापावर जायचं सोडून तापट मामावर गेलास. हसत म्हणते, पण डोळे पुसत.

आता तुझा मेसेज. शनिवारी मित्रांना घेऊन येतोय, तर तो फर्निचरवाला दुकान किती वाजता बंद करतो, कुठल्या गल्लीनं घरी जातो, सोबत कोण असतं. एवढंच. बाबा कसे आहेत, ते विचारलं नाहीस. दादा, तो आपल्याच दारावरून जातो, मला सगळं माहीत आहे. पण मी सांगणार नाही. खोटंही सांगणार नाही. तू दुसऱ्या कुणाकडून काढशीलच, म्हणून आधीच कळवते. शनिवारी तू तुझ्या मित्रांना घेऊन येशील तेव्हा मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसलेली असेन. बाबांना हे माहीत नाही, त्या माणसालाही नाही. मित्रांना सांगून ठेव, ही माझी बहीण आहे, आधी हिला उचलून बाजूला टाकावं लागेल. मी आरडाओरडा करणार नाही, तो मला येतच नाही. खूप भीती वाटतेय. पण आपणहून उठणार नाही.

तुझी, रागावलास तरी तुझीच,
छोटी