मावशींच्या पापण्या

सोमवार, ४ तारीख
नवं गाव, नवी नोकरी, नवी खोली! डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर तपासायचं काम आहे आणि खोली तिथून दोन गल्ल्यांवर. घरमालकीण मावशी शिवणकाम करतात, एकट्याच राहतात. माझा पडदा आखूड निघाला, तर आपण होऊन खाली पट्टी जोडून दिली. वर म्हणाल्या, आता समोरच्यांना तुझे पायसुद्धा दिसायचे नाहीत.

गुरुवार, ७ तारीख
सकाळी मावशींचे डोळे टपोरे असतात. संध्याकाळ झाली की वरच्या पापण्या बुबुळावर उतरतात, मग भुवया ताणून शिवत बसतात. दुपारी डुलकी काढली की पुन्हा टवटवीत. दवाखान्यात दाखवू का, असं त्यांनी विचारलं. मी ऐटीत सांगितलं, वय झालं की कातडी सैल पडते, दुसरं काही नाही. "तू म्हणतेस तर सुटले गं बाई," म्हणाल्या.

शनिवार, ९ तारीख
आज डॉक्टरांनी आम्हा नव्यांना पापण्या का उतरतात ते समजावलं. कधी पापणी उचलणारा स्नायू वयाने सैल होतो, कधी नस दुखावते. पण सकाळी ठीक, संध्याकाळी जड, विश्रांतीने पुन्हा ठीक असं असेल, तर नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नसतो. औषधाने आटोक्यात राहतं. दुर्लक्ष झालं तर तोच थकवा गिळण्याला, श्वासाला गाठतो.
हे तर अगदी मावशींचंच वर्णन!
घरी आले, तर मावशींना पाण्याचा ठसका लागलेला. सांगायला तोंड उघडलं. पण माझं चुकलं, एवढंच म्हणवेना. उद्या दवाखाना बंदच असतो. सोमवारी सांगते.

सोमवार, ११ तारीख
सकाळी घाई होती. संध्याकाळी सांगायचं ठरवलं.
संध्याकाळी मावशी शिवणयंत्रावर डोकं टेकून — श्वास नव्हता.
त्यांची बहीण पापण्या मिटत होती. मिटेनात. मला म्हणाली, तू डोळ्यांच्या दवाखान्यातली ना, तू बघ. मी बोटं ठेवली. मिटल्या. हात काढला, तर सताड उघड्या. माझ्याकडे.

गुरुवार, १४ तारीख
माझ्या पापण्या जड झाल्यात. डॉक्टरांनी तपासलं. दोष काही नाही म्हणाले. खरं कारण त्यांना कसं सांगू?
डोळे मिटले की मावशी समोर. रागावत नाहीत. मी कधी बोलते याची वाट बघतात.

शुक्रवार
मावशींच्या बहिणीला फोन लावला. सगळं कबूल करायचं होतं. जीभ उचलेना — ती नुसती हॅलो, हॅलो —

रविवार, दुपार
पापण्या आपोआप उघडतच नाहीत. डाव्या हाताने एक उचलून धरलीय, उजव्याने लिहितेय. शनिवारीच सांगायला हवं होतं. मावशी, मी —
दाराला आतून कडी आहे. माझे दोन्ही हात इथेच आहेत.
मग ही दुसरी पापणी उघडतेय ती कुणाच्या बोटांनी