लहान फ्रीज आणि एका शब्दाची वाटणी

मी, काशीनाथ हरिश्चंद्र आरेकर, वय वर्षे एकाहत्तर, सेवानिवृत्त मुद्रितशोधक, राहणार पूनम सागर, मिरा रोड (पूर्व), जिल्हा ठाणे, हा कागद स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मन शाबूत असल्याचा दाखला ते देत नाहीत, मीही मागितला नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, यानंतर करावेसे वाटेल असे दिसत नाही.

माझ्या मागे मुलगा यतीन, त्याची पत्नी रुचिता आणि बोरिवलीला दिलेली मुलगी मृणालिनी हे तिघे आहेत. माझी पत्नी निशिगंधा दिनांक २ जून १९९५ रोजी वारली. माहेरी तिचे नाव शालू. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने ‘निशिगंधा’ लिहिले ते मी. तेव्हा माझ्या डोक्यात शाळेच्या पुस्तकांतल्या कविता इतक्या भरल्या होत्या, की शालू नावाची बायको मला पुरेना. ती म्हणाली होती, “एवढं लांब नाव? भाजी करपेल तुम्ही हाक मारेस्तोवर.”

कलम १. राहता फ्लॅट यतीनला. या मृत्युपत्राचा कार्यकारीही तोच. पाण्याच्या टँकरसाठी भांडून भांडून त्याने ही इमारत राहण्याजोगी ठेवली, तेव्हा हक्क त्याचाच.

कलम २. पोस्टातली बचत आणि निशिगंधेचे दागिने मृणालिनीला. यात कोणी वाटा मागू नये. पाटल्या तिच्या आईच्या हाताला शेवटी सैल होत होत्या. मृणा, तू दोऱ्याने गुंडाळून दिल्या होत्यास, तो दोरा अजून तसाच आहे. सोडू नकोस.

कलम ३. माझा मेहुणा महिपत, मुक्काम दापोलीजवळ, याला माझी काळी छत्री द्यावी. ती आठ पावसाळे त्याच्याकडेच आहे, आता त्याने ती चोरासारखी वापरू नये. मात्र निशिगंधेच्या दहाव्याच्या दिवशी पाहुण्यांपुढे तो जे बोलला, “गुजरात्याची पोर आणलीत, औषध सांभाळता येईना,” ते मी त्याला माफ केलेले नाही. छत्री मिळाली म्हणून तसा समज करून घेऊ नये.

कलम ४. माझी पुस्तके. बहुतेक शाळेची आहेत, छापखान्यात तपासायला येत त्यांतली राहिलेली. बाजारात त्यांना रद्दीचा भाव. ती सगळी रुचिताला. कारण पुढे येईल.

कलम ५. आता लहान फ्रीजबद्दल. हा कागद मुख्यतः त्याच्यासाठीच लिहिला आहे.

निशिगंधेला इन्सुलिन सुरू झाले आणि आमचे बाहेरगावी जाणे संपले. स्वयंपाकघरातल्या फ्रीजच्या दांडीला बांधल्यासारखी ती झाली. सकाळी गेली की संध्याकाळी परत. मी नकाशा पसरून नद्यांची नावे वाचायचो आणि ती म्हणायची, “वाचा हो, कानाने तरी भिजू दे.”

यतीन मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर होता. सन ९१ मध्ये तो कायमचा परत आला तो सोन्याऐवजी हा फ्रीज घेऊन. ट्रंकेएवढा, वरून झाकणाचा, घरच्या विजेवर चालणारा आणि गाडीच्या बॅटरीवरही. विमानतळावर त्याची आई म्हणाली, “लोकांची मुलं टीव्ही आणतात, आमच्याने शवपेटी आणली.” पण नंतर चार वर्षे आम्ही तिला थांबवू शकलो नाही. वरसाव्याची खाडी ओलांडून यतीनची व्हॅन गुजरातकडे वळली की ही मांडीवर रुमाल पसरून बसे. नर्मदा पाहिली. महाबळेश्वर पाहिले. कुठे जायचे नसले तर उत्तनजवळच्या पालीच्या किनाऱ्यावर, आमच्या मासळीवाल्या धर्माजींच्या अंगणात. धर्माजी फ्रीजभोवती फिरून म्हणत, “आमच्या बर्फाच्या पेटीला वायर न्हाय, एवडाच काय तो फरक हाय.” मी त्या पेटीवर दोन ओळीही केल्या होत्या:

पेटीत गार वारा, पेटीत चांदणं,
पेटीच्या आधाराने म्हातारीचं नांदणं.

“म्हातारी कोण?” एवढाच अभिप्राय मिळाला.

रुचिता भाईंदरच्या गुजराती घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला भाजीवाल्याशी बोलण्यापुरते मराठी येत होते. मी तिला शाळेच्या कविता म्हणायला लावून भाषा शिकवली. निघताना ‘जाते’ नाही म्हणायचे, ‘येते’ म्हणायचे, हे तिला फार आवडले. “पप्पा, मराठीत वाईट शब्दाला चांगले कपडे घालतात,” असे ती म्हणाली. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द तपासले, असे वाक्य मला सुचले नसते.

अशा कपडे घातलेल्या शब्दांपैकी एक तिच्या वाट्याला यायचा राहिला होता.

कोकणातल्या जुन्या घरांत दिवा विझवत नाहीत, ‘वाढवतात’. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली की वाढवली. निशिगंधा तशाच घरातली. मे ९५ मध्ये मृणालिनी सोडून आम्ही सगळे महिपतकडे होतो. देवदर्शनाला निघायचे होते. घराला कुलूप लावताना विजेची कुठलीही वस्तू चालू ठेवायची नाही, हा तिचा नेम. झाकण न उघडता फ्रीज बंद राहिला तरी चार-पाच तास आत गार राहते. मी ओटीवर होतो. परसातून तिने हाक दिली ती मी या कानांनी ऐकली: “रुचिता, निघायच्या आधी फ्रीज वाढव गं.”

आणि “हो मम्मी” हेही ऐकले.

मे महिना, घरात कोणी नाही. त्या मुलीला ते अगदी योग्य वाटले. तिने बटण शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवले.

दुपारी परतलो तेव्हा वीज जाऊन बराच वेळ झाला होता. झाकण उघडले तर कोकम सरबताची बाटली फुटून सगळीकडे लाल पाणी. रुचिताने बटण खाली आणले, पुसून घेतले, इन्सुलिनच्या कुप्या धुऊन पुन्हा ठेवल्या. दिसायला त्या जशाच्या तशा होत्या. बाटली का फुटली असेल, यावर महिपतने प्रवासातल्या धक्क्यांवर व्याख्यान दिले. इन्सुलिन गोठून पुन्हा पातळ झाले की त्यातला गुण जातो, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. निशिगंधेच्या पायाला जखम होती. घरी येईपर्यंत ती चिघळली, आणि तिला उचलून हॉस्पिटलात न्यावे लागले.

डॉक्टरांनी विचारले, “औषध गोठलं होतं का?” रुचिता म्हणाली, “मी फ्रीज फुल केला होता. मम्मीने सांगि...” आणि तिथे ती थांबली. पलंगावर पडलेल्या बाईचे नाव तिला पुढे करवेना. मृणालिनी, तू दारात उभी होतीस. तू पहिले वाक्य ऐकलेस. दुसरे तिने कोणालाच ऐकू दिले नाही.

संध्याकाळी निशिगंधा शुद्धीवर होती. मी आणि रुचिता जवळ होतो.

“काय गं, मी काय सांगितलं होतं तुला?”

“फ्रीज वाढव, मम्मी. मी वाढवला.”

ती बघत राहिली. मग हसली. हसताना खोकला आला, तरी हसली. “अगो बाय माझे! वाढव म्हणजे बंद कर!” नंतर माझ्याकडे वळून म्हणाली, “पोरीला कोणी काही बोलायचं नाही. ऐकलंत का अहो? लोकांना कविता शिकवता, आणि हिला एवढं सांगायचं राहिलं.” ते ती चिडवण्यासाठी म्हणाली. मला ते अजून तसे ऐकू येत नाही.

जखमेचे विष आणि वाया गेलेले औषध, यांतले कशाचे किती, ते सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. मृणा, तुला मात्र सांगता आले. तेराव्याला तू म्हणालीस, “हिने मारलं आईला.” मी सगळे सांगितले, तर म्हणालीस, “बाबा, आईवर ढकलू नका. आईचं मराठी मला काय नवीन आहे? मी असते तर मला कळलं असतं.”

नाही, मृणा. तुला कळले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात वीज गेली, मी कंदील काढला, आणि मला आठवले. लालबागची खोली. तू पहिलीत होतीस. आई अंथरुणावरून म्हणाली, “मृणे, कंदील वाढव.” तू उठलीस आणि वात वर, आणखी वर केलीस. काच काळी झाली आणि तडकली. तू रडायला लागलीस. आईने तुला कुशीत घेतले आणि हसत सगळ्या चाळीला सांगितले, “माझ्या लेकीने कंदील वाढवला!” तुला कोणी मारले नाही. तुझी चूक आमच्या घरातली गंमत झाली. तीच चूक, तोच शब्द, तीच आई. फक्त त्या वेळी काच फुटली होती.

मला आठवले तेव्हापासून फोनवर विषय काढला की तू रिसीव्हर ठेवतेस. मृत्युपत्र मात्र शेवटपर्यंत ऐकावे लागते.

रुचिता त्या तेराव्याच्या दिवसापासून या घरात मराठी बोललेली नाही. औषध देते, पाय चेपते, डोक्याला तेल लावते, पण हिंदीत. मी एकदा विचारले, तर म्हणाली, “पप्पा, मेरी मराठी भरोसे की नहीं है.” आत्ता लिहितानाही तिने स्वयंपाकघरातून हाक मारली, “पप्पा, चाय रख दूँ?” मी ‘ठेव’ म्हणालो. उत्तराला थांबलो. कपाचा आवाज आला.

म्हणून असे लिहून ठेवतो:

अ) लहान फ्रीज पूर्णपणे रुचिताच्या मालकीचा. त्यावर यतीनचाही हक्क नाही. त्याने तो दुरुस्त करावा, विकू नये.

आ) वर्षातून एकदा तरी फ्रीज घराबाहेर पडला पाहिजे. नेताना उभाच ठेवावा. गाडीतून काढल्यावर अर्धा तास थांबून मग चालू करावा, आतले तेल खाली बसू द्यावे. मागे भिंतीपासून हातभर जागा सोडावी, त्यालाही श्वास लागतो. बॅटरीवर लावताना लालला लाल. गाडीचे इंजिन बंद तर फ्रीजही बंद, नाहीतर परतताना गाडी ढकलावी लागते. नर्मदेकाठी निशिगंधा सोडून आम्ही सगळ्यांनी ढकलली आहे. बर्फ सुरीने खरवडू नये. झाकणाचे रबर ओल्या फडक्याने पुसावे, कोरडे करावे, चिमूटभर पावडर लावावी. दर रविवारी मी हे करतो. आत सध्या काही नसते, क्वचित निशिगंधाची चार फुले असतात.

इ) औषध फ्रीजच्या आतल्या भिंतीला टेकवून ठेवू नये. ते गार हवे, गोठलेले नको. हे वाक्य झाकणाच्या आतल्या बाजूला मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत लिहून मी चिकटवले आहे. शब्द दोनदा तपासले आहेत.

ई) मी गेलो की ‘वारले’, ‘निवर्तले’, ‘देवाघरी गेले’ असे काही छापू नये. ‘मेले’ म्हणावे. माझ्या बाबतीत शब्दांना कपडे नकोत.

उ) हा कागद वाचला जाईल तेव्हा फ्रीज हॉलमध्ये चालू असेल. वाचून झाल्यावर मृणालिनीने तिथे उभे राहून, रुचिताकडे बघून, स्वतःच्या तोंडाने म्हणावे, “रुचिता, फ्रीज बंद कर.” तिसऱ्याने मध्ये बोलू नये. रुचिताला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल तेवढा लागू द्यावा. ते मराठीत आले तर पुस्तके तिला त्याच दिवशी द्यावीत. नाही आले तरी द्यावीत.

ऊ) फ्रीज बंद केल्यावर झाकण पूर्ण लावू नये. मध्ये लाकडी चमचा आडवा ठेवावा. बंद पेटी घट्ट मिटली की आत कोंदते, आणि तो वास पुढे कशानेही जात नाही. थोडी फट राहू द्यावी.

वर लिहिले ते मी पुन्हा वाचले. खाडाखोड नाही. ज्यांना काही मिळते त्यांनी साक्षीला राहू नये, असे वकील म्हणाले, म्हणून घराबाहेरचे दोघे बोलावले. त्यांच्यासमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी. धर्माजींना मजकूर वाचून दाखवला. ते म्हणाले, “काका, ह्यो मरनाचा कागद हाय का फ्रीजचा?” मी म्हणालो, दोन्ही.

सही: काशीनाथ हरिश्चंद्र आरेकर

साक्षीदार:
१. बापूराव दशरथ कांबळे, शेजारी, पूनम सागर (सही)
२. धर्माजी, मासळी विक्रेते, राहणार पाली, उत्तन (सही. त्याखाली त्यांच्याच अक्षरात: “सरबताची बाटली मीच दिली व्हती. पोरीचा दोष न्हाय.”)

ठिकाण: मिरा रोड
दिनांक: ९ फेब्रुवारी १९९७