पाण्याचं वजन

तामलवाडी
शनिवार, येळवशीचा दुसरा दिवस

माझ्या मल्हारला आज्जीचा डोक्यावरून हात.

काल येळवशीच्या अवसेला रानात सगळ्यांच्या आधी कोण आलं असंल, तर तुमचे बलभीम मास्तर. आजून पूजेची कडब्याची कोप धड उभी न्हवती, तुझा बाप शेवटच्या पेंडीला गाठ मारत व्हता, पाच दगडांच्या पांडवांना चुना लावायचा ऱ्हायला व्हता, आन् मास्तर बांधाला फटफटी टेकवून म्हणतात, "आज्जी, आंबील निवली का?" म्या म्हणलं, "मास्तर, आधी देवाला तरी घेऊ द्या." तर म्हणतात, "देव गावातलाच हाय, मी तुळजापुरास्नं आलोय." आसा माणूस. पोरांना उपाशी ठिवून सोता मातूर पोटानं सुटलाय. हे पत्र तेच तुझ्या हातात देणार हायेत, सोमवारी संभाजीनगरला येतात म्हणून. त्यापायी पाकीट म्या भाताच्या शितानं चांगलं चिकटवलंय.

त्यांनी आधी भज्जीचं पातेलं उघडून बघितलं आन् मग बातमी सांगितली. मल्हार परत बॉक्सिंगच्या रिंगणात उतरतोय, आन् सत्तावन्न किलोत न्हाय, सदुसष्टात. मला आधी खरंच वाटंना. म्या इचारलं, "म्हंजी दहा किलो जास्त?" म्हणले, "व्हय आज्जी, आता त्याला खायला घाला." लेकरा, तुला काय सांगू. हातातला बाजरीचा उंडा तसाच ऱ्हायला. दहा किलो म्हंजी आपल्या शेळीचं पाच म्हयन्याचं करडू. तेवढं माझ्या नातवाच्या अंगावर चढणार आन् सरकार त्याला कबूल हाय. तू राज्यात पहिला आलास तवा गावानं मिरवलं, पर मला तुझ्या गळ्यातलं मेडल दिसलंच न्हवतं. गळ्याची हाडं दिसत व्हती. शेंगदाण्याच्या पोळ्या, धपाटी आन् तूप मास्तरांसंगट धाडते. त्यांच्याकडून मोजून घे. वीस पोळ्या हायेत.

समृद्धीला लिहायला बसवलं असतं तर चांगल्या अक्षरात झालं असतं. तुझी बहीण मागं लागली व्हती, "आजे, तू सांग, मी लिहिते." म्या न्हाय म्हणलं. रात्रशाळेत शिकलेलं कवा कामाला येणार? दोन दिवस लागले तरी चालंल. आज दुपारपसनं बसलेय, आन् आजून म्हशीबद्दल सांगायचं ऱ्हायलंच हाय. म्हस व्यायली. रेडी झाली. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका हाय.

मास्तरांच्या मागनं नंदीशचे आई-बाप आले, धनाजी आन् महेश्वरी.

तीन वर्सं झाली, येळवशीला ते नळदुर्गास्नं येत्यात. नंदीश गेल्यापसनं एक बी साल चुकवलं न्हाय. तू मातूर तवापसनं एकदा बी आला न्हाईस. महेश्वरीनं येताना सूर्यफुलाचं तेल आणलं आन् नेहमीसारखी पाया पडली. "अव्वा, बऱ्या हाव का?" त्यांच्याकडं आईला बी अव्वा आन् आज्जीला बी अव्वा. नंदीश बी मला अव्वाच म्हणायचा. तुझ्यासंगं सरावाला आपल्या घरी ऱ्हायला आला तवा पहिल्या दिसापसनं.

मग पूजा झाली. तुझ्या बापानं दरसालासारखी डोक्यावरनं घोंगडी घेतली, आंबिलीचं मडकं हातात घेतलं आन् कोपीला फेऱ्या मारत सांडत निघाला. सगळी मागनं वरडत व्हती. घोंगडी तीच हाय रे, काळी, पांढऱ्या किनारीची. तोंड झाकलेलं. फकस्त पाय दिसत व्हते, आन् मडक्यातनं भुईवर पडणारं दिसत व्हतं. मला वाटलं, आता ही फेरी माझ्यापुढं येऊन थांबंल. तिसऱ्या फेरीला मी कोपीच्या आत जाऊन बसले. महेश्वरीला वाटलं मला ऊन लागलं. तिनं मला पाणी आणून दिलं. तिच्या हातानं.

जेवणं झाल्यावर तिनं इचारलं. दरसाल इचारती. माणसं लांब गेली की माझ्या मांडीला मांडी लावून बसती आन् म्हणती, "अव्वा, त्या दिवशी निघताना काय बोलला?" आन् मी दरसाल सांगती, "हसत व्हता गं." काल बी तेच सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं ऐकलं की मला वरीसभर बरं वाटतं."

मग धनाजी जवळ सरकला. तुळजापूरच्या तुमच्या मैदानावर नंदीशच्या नावानं पोरांना प्यायच्या पाण्याची सोय करणार हायेत. मोठे दोन रांजण, वर पत्र्याचं छप्पर. मास्तरांनी परवानगी काढली. धनाजी म्हणला, "अव्वा, रांजण तुमीच निवडायचे. कुठल्यात पाणी गार ऱ्हातं ते तुमाला वाजवून कळतं. आन् पहिली घागर तुमच्या हातानं ओतायची. त्याला तुमच्या हातचं सगळं आवडायचं." तुझ्या बापानं माझ्याकडं बघायच्या आधीच "येईल की" म्हणून सांगून टाकलं. मी पान लावत बसले, आन् चुना जास्त झाला.

ते गेल्यावर मास्तर निघाले. फटफटीला किक मारायच्या आधी म्हणाले, "आज्जी, तुमी खूश झालात म्हणून बोललो न्हाय. मल्हारला भूक लागली म्हणून तो सदुसष्टात गेलेला न्हाय. मला म्हणला, मास्तर, एका वजनात एकच पोरगा, मी सत्तावन्नात व्हतो म्हणून नंदीशला चौपन्नात उतरावं लागलं. पाण्याला हात लावू नको, हे बी त्याला मीच सांगितलं. आता मी एवढा वर जातो, की माझ्यापायी कुणाला खाली उतराया नको."

आसं मनात घेऊन तीन वर्सं ऱ्हायलास व्हय रे. आन् मला वाटायचं, पोराला गावाचा कंटाळा आला.

आता नीट वाच. जोडाक्षर चुकलं आसंल तर ते सोडून पुढचं वाच.

त्या दिवशी तू मास्तरांसंगं धाराशिवला पुढं गेला व्हतास. संध्याकाळी वजन व्हतं. नंदीशला तुझा बाप महारुद्र चार वाजता फटफटीवरनं घेऊन येणार व्हता. घरच्या काट्यावर तो आर्धा किलो जास्त भरत व्हता. त्यानं दोन सेटर घातले, वरनं माझ्याकडनं घोंगडी मागून घेतली आन् चुलीपुढं बसला. म्याच जाळ लावून दिला. म्याच वरनं नीट पांघरलं. तीन वाजता त्यानं तोंडावरनं घोंगडी काढली. घाम यायचा थांबला व्हता, व्हट पांढरे पडले व्हते. मला म्हणला, "अव्वा, घोटभर द्या."

तुझं सांगणं त्यानं तिथंच मोडलं व्हतं, मल्हार. तुझं ऐकून तो तहानेला ऱ्हायला न्हाय. त्यानं मागितलं.

म्या उठून माठातनं तांब्या भरला बी. हातात घेतला. मग मला तुझा आजा आठवला. बाजारच्या दिवशी तो बकऱ्यांना मीठ चारायचा, पाणी पाजायचा आन् मग काट्यावर चढवायचा. मी लगीन करून आले तवापसनं पाणी पाजायचं काम माझ्याकडं व्हतं. तांब्याभर पाण्यानं काटा किती खाली जातो हे मला जेवढं ठाऊक, तेवढं तुमच्या मास्तरांना बी न्हाय. मला वाटलं, पोरानं दोन दिवस काढलेत, एका घोटानं घालवंल. म्या म्हणलं, "लेकरा, पाणी म्हंजी वजन. काट्यावरनं उतर आन् मग हंडाभर पी." आन् तांब्या परत माठात ओतला. त्याच्यापुढं. तो हसला आन् म्हणला, "बरं."

तेवढं हसणं खरं हाय. तेवढंच मी त्याच्या आईला सांगत आले.

काट्यावर तो बरोबर भरला. तू तिथं व्हतास, पुढचं तुलाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. काट्यावरनं उतरून चार पावलं चालला, म्हणून तुझ्या बापानं सांगितलं. दवाखान्यात डागदर म्हणला, अंगातलं सगळं पाणी सरलं व्हतं. घरी येऊन तुझा बाप हे सांगत व्हता तवा मी माठाला टेकून बसले व्हते.

तवापसनं दुपारी तीनला मी दारातल्या वट्ट्यावर भरलेला पेला ठेवती. कुणी बघत न्हाय. दिवस मावळता उचलाय गेलं की घोट, दोन घोट कमी आसतं. महारुद्र म्हणतो उन्हानं आटतं. समृद्धी म्हणती कावळा पितो. म्या कावळा कवा बघितला न्हाय, आन् आता थंडीचं ऊन ते किती. माठाला हात लावला की मागनं "अव्वा" म्हणल्यासारखं व्हतं. मी मागं वळून बघत न्हाय. "देते बाळा" म्हणती आन् पेला भरती. भ्या वाटत न्हाय. पेला परत भरलेलाच मिळाला तर भ्या वाटंल.

तर रांजणाचं. त्याच्या नावाच्या पाण्याला पहिला हात माझा कसा लागावा? मी आधी महेश्वरीला सगळं सांगणार. चुलीपुढंच बसवून सांगणार, जिथं झालं तिथं. मग त्यांनी मला न्यायचं का न्हाय ते त्यांनी ठरवावं. उठून गेली तर मी आडवणार न्हाय. येळवशीला परत आली न्हाय तरी ती खोटी न्हाय. तुझ्या बापाला बी तवाच कळंल. पर सगळ्यांच्या आधी तुला कळावं म्हणून हे लिहिलं. फोनवर तुझा आवाज आला की मी म्हशीचंच बोलत बसते.

तू सदुसष्टात जा. मला आनंद झालाय तो खोटा न्हाय, आजून बी झालेलाच हाय. पर भूक लागली म्हणून जा. पोळ्या खा, त्यात आपराध घालून खाऊ नको. ते वजन तुझं न्हाय. माझं मला उचलू दे.

तुला माझा राग आला तरी पत्र फाडू नको, ठिवून दे. माझ्या हातचं एवढं मोठं लिहिणं पुन्हा व्हायचं न्हाय.

तुझी आज्जी
म्हाळसाबाई

धनाजी आन् महेश्वरी मला रांजणाला न्यायला ऐतवारी, अठ्ठावीस तारखेला, सकाळी येतो म्हणून गेलेत.