मिठाशी ओळख नसलेलं यंत्र

आई, आज शेडमध्ये नवं यंत्र बसलं आणि आठवलं, पहिल्याची गंमत तुला सांगायचीच राहिली. तोवर तू जाऊनही बरीच वर्षं झाली होती. वासण्याच्या आपल्या घरी स्वयंपाकघरात तू करायचीस तो लीलो चेवडो, बटाटा-डाळीचा ओलसर चिवडा, मी सायकलवरून विकायचो. त्याच्याच जोरावर मकरपुऱ्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत शेड उभी केली, बाजार खुला झाला आणि परदेशातल्या एका दुकानदाराचा फॅक्स आला. अट एकच, प्रत्येक पाकीट धातू पकडणाऱ्या यंत्रातून गेलं पाहिजे.

यंत्र म्हणजे पट्ट्यावर बोगद्यासारखी चौकट, आत तारांची वेटोळी. विकणारा सांगून गेला होता, की आत विजेचा एक न दिसणारा तोल सांभाळलेला असतो. धातूचा कण गेला की तो ढळतो आणि दांडा पाकीट बाहेर ढकलतो. आधी आपला माल दाखवून त्याला शिकवायचं, मग चालवायचं. सकाळी शिकवून झालं. दुपारी दुकानदाराचे तपासणी साहेब येणार, त्यांनी नापास केलं की ऑर्डर गेली. आणि पट्टा सुरू करतो तर पाकिटामागून पाकीट बाहेर. पॅकिंग बघणाऱ्या बेन म्हणतात, "शेठ, आ तो बधां काढी मूके छे. खीला तळ्या के शुं?" खिळे तळलेत की काय, या चौकशीवर एरवी मी हसलो असतो.

पण कान मला तुझे मिळालेत. दांड्याचा ठोका ऐकत उभा राहिलो. खट्, खट्, खट्, अगदी तालात. खिळा असता तर एखाद्या पाकिटात असता. म्हणजे यंत्राला खटकतंय ते सगळ्यांतच आहे. एक पाकीट फोडून चाखलं, झकास. मग सकाळी शिकवायला वापरलेलं फोडलं, तर अळणी. तळणीचा पहिला घाणा देवाचा आणि तोही बिनमिठाचा, हा तुझा नियम मी शेडमध्येही पाळत होतो. "मीठ हवं असेल तर देव मागून घेईल," म्हणायचीस ना. देवापुढून उचललेली तीच पाकिटं बेननी हाताशी होती म्हणून यंत्राला दाखवली होती. ओल्या मालातलं मीठही वीज वाहतं, थोडा तोल ढळवतंच. त्याची ओळखच करून न दिल्यामुळे यंत्र बिचारं मिठाला लोखंड समजत होतं.

खारी पाकिटं दाखवून पुन्हा शिकवलं, तोवर साहेब हजर. त्यांनी पोलादाची बारीक गोळी एका पाकिटात घातली आणि ते बोगद्याच्या बरोबर मधोमध सोडलं, कारण तिथे यंत्राची पकड सगळ्यांत कमी. पुढची पाकिटं गुपचूप पार झाली, आणि गोळीचं तेवढं खट्. साहेबांनी तिथेच सही केली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, खणातच राहील. एक मात्र सांगतो. त्या ठोक्यासरशी मी मोठ्याने "आई" म्हणून हाक मारली होती. बेन धावत आल्या, "शेठ, वाग्युं?"

हो, लागलं म्हणालो, बोट चेमटलं.