बोअर केवढी घ्यायची?

मंगळवार, ३ मार्च

ट्रॉम्बोनची सरकती नळी गेली. म्हणजे चोरीला नाही — झिजली. ठोक्यांनी डोळ्याला लावून पाहिली, च्‌च्‌ केलं. "बाई, आता ठिगळं नकोत. नवीनच करू." दिवसभर पितळ ठोकणाऱ्या कारागिराला ठोके हे नाव आमच्या ऑर्केस्ट्रात पहिल्यांदा कुणी दिलं कोण जाणे. खरं नाव आता मलाही आठवत नाही.

प्रश्न एकच. आतून रुंद की अरुंद? "बोअर ठरवून सांगा, मग पितळ कापतो." रुंद नळीचा खर्ज भरदार, पण ती हवा ढोसते. अरुंद नळी थोडक्या हवेत बोलते, पण खाली आवाज पातळ होतो. मी जन्मभर रुंदच वाजवत आलेय. यात विचार कसला करायचा?

तरी म्हटलं, "दोन-चार दिवसांत सांगते."

बुधवार, ४

जेवताना नवऱ्याला म्हटलं, बोअर केवढी घ्यायची, काही ठरत नाहीये. सासूबाईंनी ताटावरून मान वर केली — "अगं, पण तिसऱ्या मजल्यावर बोअर मारणार कुठे?"

नवऱ्याला ठसका लागला! मग मी सगळं समजावून सांगितलं. त्यांना विहिरीचीच बोअर जास्त पटली. "कितीही इंची मारा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" नवरा म्हणाला, "आई, हिच्या बोअरने आपण दोघं मात्र बोअर झालो."

तो ट्रॉम्बोनला घरजावई म्हणतो. कोपरा अडवून बसतो, काम काडीचं नाही, वर आवाज मोठा! मलाही हसू आलं.

गुरुवार, ५

छडीने — म्हणजे आमच्या कंडक्टरने — नवी रचना वाटली. शेवटी सगळे गप्प, फक्त माझा खर्ज. लांबलचक. "एका श्वासात हं. मध्ये श्वास चोरायचा नाही." मागच्या कार्यक्रमात चोरला होता, ते त्यांच्या कानातून सुटलेलं नाही. "जमेल ना? नाहीतर ट्यूबाला देतो."

न जमायला काय झालं, म्हटलं. ट्यूबावाला — खर्जाचंच ते थोरलं पितळी वाद्य वाजवणारा — नंतर हळूच येऊन सांगून गेला, "ताई, मी काही मागितलेलं नाही हं." भला माणूस आहे. म्हणूनच जास्त राग आला. खालचा सूर या ऑर्केस्ट्रात माझा आहे. तो गेला तर मी तिथे बसून करायचं काय?

तालमीची खोली चौथ्या मजल्यावर. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर सूचनाफलक आहे. हल्ली रोज वाचते. आग लागल्यास काय करावे, हे आता झोपेतसुद्धा सांगेन.

शुक्रवार, ६

ठोक्यांकडे नमुन्याच्या दोन नळ्या आहेत. बाहेरून जुळ्या बहिणी. फरक आतला, तोही जेमतेम. "रुंद घरी न्या. निवांत वाजवा. नाही झेपली तर अरुंद आहेच." मग फोन आला. खांद्याने फोन कानाशी दाबून, कुणाशी तरी हुज्जत घालत घालत त्यांनी नळी डब्यात भरून दिली.

शनिवार, ७

पाहुणे. वाजवणं नाही.

रविवार, ८

हवा नुसती गिळते ही नळी! शेवटचा सूर अर्ध्यात तुटला. पुन्हा घेतला, पुन्हा तुटला. बाहेरून नवरा — "थांबलीस का?" नळी रुंद आहे, म्हटलं. रुंद म्हणजे किती रुंद असावी! फुंकताना स्पष्ट जाणवतं, हवा पसरते, कडेला लागतच नाही.

सोमवार, ९

तेच. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून पलंगावर टेकले. सासूबाईंनी पाणी आणून दिलं. मी उठेपर्यंत पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

नळी वाईट नाही. माझ्या मापाची नाही, एवढंच. पन्नाशीनंतर चपलेचंसुद्धा माप बदलतं.

मंगळवार, १०

ठरलं. ठोक्यांना फोन केला — अरुंद करा. "तुम्ही? अरुंद?" मग म्हणाले, "बरं." छडीलाही सांगून टाकलं, नळी बदलतेय, सूर ट्यूबाला देऊ नका. त्यांनी मान डोलावली.

खरं सांगायचं तर आनंद झाला. उगाच काय काय मनात येत होतं! दोष कुठे आहे ते कळलं की माणूस निम्मा बरा होतो. संध्याकाळी घरजावयाला पुसूनबिसून ठेवला.

बुधवार, ११

नळी परत द्यायला गेले. ठोक्यांनी सवयीने मापणी आत घातली आणि कपाळावर हात मारला. "घोळ झाला, बाई! रुंद इथेच फळीवर राहिली. तुमच्याबरोबर अरुंदच गेली होती." मग स्वतःच खूश झाले. "पण बरंच झालं की! हवी तीच इतके दिवस वाजवून पाहिलीत."

हो, बरंच झालं, म्हटलं.

तालमीला गेले. फलकापाशी थांबले. आज वाचला नाही, कठड्याला धरून नुसती उभी राहिले. भीती वाटली. तिथूनच परत फिरले.

घरी सासूबाई एकट्या होत्या. म्हटलं, "आई, आडातच नाहीये."

त्यांनी पायात चपला सरकवल्या. "चल. डॉक्टर आत्ता असतील."