लाल शालूतली पणजी

१० ऑगस्ट, रविवार
चित्र आणलं एकदाचं. कांचघरला दादाकडून ऑटोत, मांडीवर आडवं धरून. आई जायच्या आधी सगळ्यांसमक्ष सांगून गेली होती, पणजीचं चित्र शोभाला. दादाला इतके दिवस आठवलं नाही. हॉलला पीओपी करायचं निघालं, भिंत मोकळी हवी झाली, तेव्हा बरोबर आठवलं. मी न्यायला जाईपर्यंत ते कूलरच्या मागे, पोत्यात. कॅनव्हासला पाठीमागून बुरशी. पुढून चिकट. वहिनीला विचारलं, हे काय?
"खोबरेल लावून पुसते ना मी दर साली, नवमीच्या आधी. पाहा ना, कशी चमकून राहिली."
तेलरंगाचं चित्र, म्हणून तेल! डोकं फिरलं. चहा न घेता निघाले.

१२ ऑगस्ट
नेहा येऊन गेली. शाळेतल्या मिश्रा मॅडमची भाची, जुनी चित्रं नीट करायचं रीतसर शिकलेली. बॅटरी तिरपी धरून पाहत होती, चेहरा उतरत गेला. एका कोपऱ्यात रंगच घासून गेलाय. वहिनीने मोबाइलवर पाहून बटाटाही फिरवला होता, हे तेव्हा फोन केल्यावर कळलं.
"आंटी, अब इसको कोई हाथ नहीं लगाएगा। ना तेल, ना गीला कपड़ा, ना आलू।"
मग कपाळ. कुंकवाचा नुसता थर. मेण लावून त्यावर कुंकू, दर अविधवानवमीला. तिला समजावून सांगितलं, पणजी नवऱ्याआधी गेली, सवाष्ण गेली, म्हणून पितृपक्षातल्या नवमीला सवाष्ण जेवू घालतात आणि चित्राला कुंकू लावतात. "आप लगाती हैं?" नाही. वहिनी लावते. हे गेल्यापासून मी त्या दिवशी फक्त स्वयंपाक करते. पुरण चालतं माझ्या हातचं, कुंकू चालत नाही.
हे शेवटचं नेहाला बोलले नाही. इथे लिहिलं.

२४ ऑगस्ट
साडी निघाली. लहानपणापासून ऐकतेय, लाल शालूतली पणजी. काठ कुठाय? जर कुठाय? नेहा कापसाच्या बोळ्याने बोटभर बोटभर साफ करते आहे, खाली नुसता विटकरी लाल, सपाट. पदर पार कपाळापर्यंत, केस दिसतच नाहीत.
दिवसभर काहीतरी खटकत राहिलं. पेपर तपासताना दोघांना चुकीचे मार्क दिले.

३० ऑगस्ट, शनिवार
कुंकू निघालं. शेजारी स्टूल टाकून बसले होते. थराखाली थर, मेणकट. शेवटी कपाळ. मोकळं. दोन आठ्या, बस्स.
"पेंटर ने बिंदी बनाई ही नहीं थी, आंटी।"
तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. तो शालू नाही, ते आलवण आहे. पदराखाली केस नाहीतच. ही विधवा बाई आहे. पणजी नाहीच ही!
दादाला लगेच फोन. म्हणतो, "चित्र काढणारा विसरला असेल." एवढ्या मोठ्या बाईच्या कपाळाचं विसरला, आणि आठ्या काढायच्या लक्षात राहिल्या. फोन ठेवून दिला.

४ सप्टेंबर
बनूआत्याकडे गेले, कमानिया गेटजवळ. बाबांची चुलत बहीण, अठ्ठ्याऐंशीची, जिना उतरत नाही आता. मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला. चेहऱ्याकडे पाहिलंच नाही तिने, हाताकडे पाहिलं.
"अवं, ही त अक्का! करंगळी पाह्य ना तिची."
आखडलेली करंगळी. आमच्या घरात सगळे हसायचे, चित्रकाराला हात काढता येत नव्हता म्हणून. आत्या म्हणाली, चुलीत भाजली होती. अक्का म्हणजे पणजोबांची बहीण. लहानपणीच नवरा गेला, भावाकडे परत आली. पणजी बाळंतपणात गेल्यावर तिची पोरं अक्कानेच वाढवली, त्यातले एक आमचे आजोबा. चित्र पणजोबांनी काढवून घेतलेलं, समोर बसवून.
"मग पणजी कशी झाली ही?"
"तुझ्या आजीचं काम असंल ते. विधवेची तसबीर बैठकीत कोण लावू देते? पणजी म्हटलं की लावता येते."
म्हणजे वाचवली की पुसली? कुणावर चिडू तेच कळेना. येताना ऑटोवाल्याशीच भांडले.

७ सप्टेंबर, रविवार
दादा-वहिनी आले. सगळं सांगितलं. वहिनी चित्राकडे बघत म्हणाली, "म्हणजे इतके साल आपण विधवेची पूजा करून राहिलो?"
माझ्या घरात. मी केलेल्या चहाचा कप हातात. मग जीभ चावली, "तुमचं नाही म्हणत हो, ताई." नाही कसं? माझंच.
दादाचा वेगळाच हिशेब. "त्या पोरीला सांग, रंगानंच छोटी टिकली काढून दे. नवमीला न्यायचं आहे. सवाष्णीला सांगून झालं."
मी म्हटलं, नाही.
"तू काहून इतकी भडकून राहिली? चित्रच तर आहे."
"चित्रच आहे तर टिकली कशाला पाहिजे?"
कप तसाच टाकून गेले. मुलं तिने वाढवली, आणि भिंतीवर जागा हवी तर दुसरीचं कुंकू लावून बस. आणि मी इतकी वर्षं पुरण वाटत स्वयंपाकघरात गप्प बसले. राग येतो, भयंकर राग येतो. दादाचा, वहिनीचा, आजीचा. पणजोबांचा तेवढा येत नाही. त्यांनी होती तशी काढवली.

१५ सप्टेंबर, नवमी
दादाचा फोन काल. "ठेव तुझ्याकडेच. आमच्याकडे नको आता ते." पणजीच्या नावाने पाटावर सुपारी मांडली म्हणे. स्वयंपाकालाही बोलावलं नाही मला. बरं झालं, जाणार नव्हतेच. (खोटं. बोलावलं असतं तर गेले असते आणि भांडून आले असते.)
नेहाने शेवटचा हात दिला. चित्र आतल्या भिंतीवर लावलं, बाहेरच्या भिंतीला ओल येते. मागे बुचाचे तुकडे, हवा खेळायला. ऊन नको, पूजेचा धूर नको, हार नको. खालच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही निघाली आहे, नाव-आडनाव स्वच्छ वाचता येतं.
जिंकले म्हणायचं. घर सामसूम आहे.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
ज्यांची तिथी माहीत नाही त्यांची आज. अक्काची कुणाला माहीत असणार? ठरवलं, आपण करायचं. गुरुजी आढेवेढे घेत होते, बाईमाणसाने म्हणून. शेवटी आले. वरण, भात, अळूची भाजी, खीर, वडे. पान वाढलं.
संकल्प सांगताना थांबले. "नाव?"
"अक्का."
"ती हाक झाली. नाव सांगा, शोभाताई."
बनूआत्याला फोन. "अक्काच म्हणत सारे. तिचं नाव कोण घेईल, बाई?" मग दादाला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा आवाज चढवला नाही त्याने. म्हणाला, "मला नाही माहीत गं, शोभा. बाबांनाही नसेल माहीत."
गुरुजी म्हणाले, "नाव नसलं तरी चालतं. त्याचीही सोय आहे शास्त्रात."
म्हटलं, मला नाही चालत.
ते थांबले थोडा वेळ. त्यांना आणखी दोन घरं होती, गेले.
पान तसंच आहे. भात गार झाला. गच्चीत कावळे ओरडताहेत. घास घेऊन दोनदा दारापर्यंत गेले आणि परत आले. ठेवताना म्हणू काय?