दहापैकी दोन

४ फेब्रुवारी

आज पुन्हा खोटं बोललो. डॉक्टरने विचारलं, "काका, दहापैकी किती दुखतं?" मी म्हणालो, दोन. खरा आकडा सात. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तर आठ — कठड्याला असा लटकलो होतो की खालचा वॉचमन धावत आला.

चार वर्षं हेच चाललंय. डॉक्टरचा मोठा अभ्यास आहे. गुडघे झिजलेल्या लोकांना एक नवं इंजेक्शन द्यायचं आणि मग पाच वर्षं दर महिन्याला विचारत राहायचं, दुखणं किती उरलं. पहिल्या महिन्यात मी खरं सांगितलं होतं. सात. डॉक्टर म्हणजे तरुण पोर, तिचा चेहरा एवढासा झाला! पुढच्या खेपेला दोन म्हणालो, तर अशी खुलली की स्वतः उठून माझ्यासाठी चहा घेऊन आली. आता दोनवरून माघार कशी घ्यायची?

५ फेब्रुवारी

सात. तीन दाढ्या, पाच कटिंग. सगळं उभ्याने.

बायको म्हणते, "तिला सरळ खरं का सांगत नाही?" सांगायला काय जातं हिचं! पस्तीस वर्षं कात्री चालवतोय मी. कटिंग झाली की डोक्यामागे आरसा धरून विचारतो, कसं झालंय? आजवर एकानेही वाईट म्हटलेलं नाही. एका गिऱ्हाइकाचा डावा कल्ला माझ्या हातून साफ उडाला होता. तोसुद्धा "मस्त" म्हणून गेला. पुन्हा आला नाही, ते सोडा.

११ फेब्रुवारी

सहा. बायकोचं म्हणणं, तिने तेल चोळलं म्हणून. भांडण नको, तिलाही हो म्हणालो.

४ मार्च

घोटाळा झाला!

डॉक्टर आज भलतीच खुशीत. म्हणाली, "काका, तुमच्यासारख्यांचे आकडे इतके छान येताहेत ना, मी आईचं ऑपरेशनच रद्द केलं. तिच्या गुडघ्याची पुढच्या आठवड्यात तारीख होती. आता तिलाही हेच इंजेक्शन देते."

तुमच्यासारख्यांचे — म्हणजे माझे! काहीतरी बोलायलाच हवं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? "अभिनंदन."

५ मार्च

आठ. दिवसभर लक्ष नाही. एका गिऱ्हाइकाला दोनदा पावडर लावली. डॉक्टरच्या आईला मी कधी पाहिलेलंही नाही आणि तिचा गुडघा माझ्या गळ्यात येऊन पडलाय.

७ मार्च

कंडक्टरला गाठलं. हा बसमधून रिटायर झालेला, माझ्याबरोबरच अभ्यासात शिरला, डावा गुडघा. म्हटलं, तू तरी खरं सांगतोस ना रे? तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "मी दीड सांगतो."

दीड! का, तर मी दोन सांगतो हे त्याला कळलं होतं आणि त्याला माझ्यापेक्षा चांगला पेशंट व्हायचं होतं. आणि खरं किती? "ते कशाला विचारतोस? गेल्या वर्षापासून मी जमिनीवर बसलेलो नाही."

डॉक्टरच्या आईचं सांगितल्यावर मात्र त्याचाही धीर सुटला. आता खरं सांगून टाकायचं, असं ठरलं. मग आधी कोण, यावर वादावादी. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. माझी निघाली. त्याने दोन्ही चिठ्ठ्यांवर माझंच नाव लिहिलं असणार, पण दुसरी उघडून बघायचं मला घरी आल्यावर सुचलं.

८ मार्च

रविवार. दवाखाना बंद. बरं वाटलं.

९ मार्च

दवाखान्यापर्यंत गेलो. परत आलो. सात.

२ एप्रिल

सांगितलं! महिनाभर टाळलं, पण आज पाळीच होती. डोळे मिटून एका दमात म्हणालो, चार वर्षं खोटं बोललो, सात आहे, कंडक्टरचंही खोटं आहे, आईंचं ऑपरेशन करून घ्या.

डॉक्टरने माझी फाईल काढून सगळ्या दोनांवर रेघ ओढली. रागावली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "तुम्हा दोघांचे आकडे मी बाजूला काढते. पण बाकीचे चाळीस जण आहेत ना, काका. आणि आईला इंजेक्शन देऊन तीन आठवडे झाले. कालच तिने सांगितलं, दोन. आई कशाला माझ्याशी खोटं बोलेल?"

खरंच की. सुटलो एकदाचा! घरी येताना बायकोसाठी गजरा घेतला. ती म्हणाली, "आता काय लपवताय?"

२८ एप्रिल

डॉक्टरची आई पाहिली.

मी गोळ्या आणायला दवाखान्याच्या पायऱ्या चढत होतो, त्या उतरत होत्या. आडव्या होऊन. दोन्ही हात कठड्यावर, एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची पायरी. ही आठची चाल. मी ओळखतो, माझीच आहे. तेवढ्यात वरून डॉक्टरने हाक मारली, "आई, तुझा चष्मा राहिला!" त्याबरोबर बाई ताठ. हसल्या. दोन पायऱ्या सरळ चढल्यासुद्धा!

डॉक्टर आत गेल्यावर मी विचारलं, किती दुखतं? म्हणाल्या, "फार दुखतं हो. पण चार वर्षं राबलीय पोर. तिला कुठल्या तोंडाने सांगू? तुम्हीही काही बोलू नका हं."

मी मान हलवली. पायऱ्या चढायचं सोडून तिथेच बसलो. फार वाईट वाटलं.

४ मे

आकड्याचा दिवस. आई तपासणीच्या खुर्चीत होत्या, दार उघडं, बाहेरच्या बाकावर अभ्यासातले बाकीचे पेशंट बसलेले. डॉक्टरने मला विचारलं. मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "सात." बाहेरून कंडक्टर म्हणाला, "माझं नऊ." मग बाकावरून एकेक आवाज यायला लागला — सहा, साडेसात, आठ, परत आठ. डॉक्टर एकेक आकडा लिहीत गेली. आईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "बाळा, माझंही आठ आहे." ऑपरेशन पुढच्या सोमवारी.